घोट्याचा घोटाळा : सुजेवरची गोळी आणि पायावरची सूज

तळटीप

हे चित्र इतक्या वेळा दिसतं की त्यावर स्वतंत्र धागा हवाच होता. पाठ किंवा गुडघा धरला म्हणून एटोरिकॉक्सिब ९० नाहीतर डायक्लोफेनॅक ५० मिग्रॅची गोळी सुरू होते. दुखणं दोन दिवसांत उतरतं. आठवडा-दहा दिवसांनी संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायला लागतो, मोजा काढला की घोट्याभोवती वळ राहतो. मग माणूस म्हणतो, "अजून सूज आहे, म्हणजे गोळी कमी पडतेय." दुपारची एक जास्त घेतली जाते, किंवा दुसऱ्या नावाची आणखी एक. पाय अजून फुगतात.

असं का होतं, गोळीमुळेच झालंय हे कसं ओळखायचं, दुसरं काय असू शकतं, आणि गोळी थांबवली की किती दिवसांत पाय ताळ्यावर येतात, एवढं नीट मांडून ठेवू या. जाणकारांनी आकडे आणि मात्रांसकट लिहावं. 'मला असं झालं होतं' छापाचे प्रतिसाद नकोत, ते दुसऱ्या धाग्यावर भरपूर आहेत.

खलबत्ता

मुळात घोळ शब्दाचाच आहे. मराठीत 'सूज' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लागतो. मुरगळलेला घोटा लाल, गरम, ठणकणारा होतो, ती सूज म्हणजे दाह. आणि संध्याकाळी पाऊल फुगतं, हाताला गार लागतं, दुखत नाही, बोट दाबलं की खळगा पडतो, ती सूज म्हणजे कातडीखाली साचलेलं पाणी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी मंडळी, म्हणजे दाहशामकं, पहिल्या सुजेवर काम करतात. दुसरीवर त्यांचा उपयोग शून्य, उलट ती दुसरी सूज आणणारी हीच.

कारण असं. दाह पेटवणारी प्रोस्टाग्लँडिन्स 'कॉक्स' नावाच्या एन्झाइममुळे तयार होतात. गोळी ते एन्झाइम बंद पाडते. पण तीच प्रोस्टाग्लँडिन्स किडनीत वेगळी नोकरी करतात: जादा मीठ परत रक्तात ओढू न देता लघवीत जाऊ देणं, आणि पाणी अडवणाऱ्या संप्रेरकाला थोडा लगाम घालणं. गोळीला गुडघा कुठला आणि किडनी कुठली हे कळत नाही. दोन्हीकडे उत्पादन बंद. मीठ अडतं, मिठामागून पाणी अडतं.

आता हिशोब. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. शरीरातल्या पाण्याचा खारेपणाही जवळपास तेवढाच, आणि शरीर तो काटेकोर जपतं. त्यामुळे ९ ग्रॅम मीठ जास्तीचं अडलं की एक लिटर पाणी अडलंच समजा. रोज ३ ग्रॅम मागे राहिलं तर तिसऱ्या दिवशी काट्यावर एक किलो, नवव्या दिवशी तीन किलो. पायावर खळगा दिसायला साधारण अडीच-तीन लिटर पाणी जमावं लागतं (पायाच्या शिरा आधीच कमजोर असतील तर कमीतही दिसतं). तळटीप यांनी लिहिलेले 'आठवडा-दहा दिवस' इथून येतात. म्हणजे पाय सुजलेला दिसतो तेव्हा घोळ नुकताच सुरू झालेला नसतो. वजनकाटा चार-पाच दिवस आधीपासून सांगत असतो, बघणारं कुणी नसतं.

गाळणी

उत्तम मांडलंय. त्यात एक भर घालते.

निरोगी माणसात हा प्रकार बहुधा थोडक्यात आटोपतो. पहिले दोन-तीन दिवस मीठ अडतं, मग शरीर नवा तोल शोधतं आणि पुढे वजन स्थिर राहतं. म्हणूनच या गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांना पायाचं काही जाणवत नाही. साधारण शंभरातल्या तीन ते पाच जणांना सूज दिसते.

ते तीन-पाच कोण? साठीच्या पुढचे, ज्यांचं बीपी वाढलेलं आहे, हृदयाचा पंप मंद आहे, किडनी आधीच अर्धी काम करते, लिव्हर सिरॉसिस आहे, किंवा जे लघवी वाढवणारी गोळी घेतात. या माणसांमध्ये किडनीला रक्त पोचवणारी बारीक धमनी उघडी राहते ती मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन्सच्या जोरावर. गोळीने तो टेकू काढला की धमनी आवळते, गाळायला रक्तच कमी पोचतं, क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी मंदावली की वाढतो) वर सरकतं. तेव्हा पायाची सूज ही नुसती गैरसोय राहत नाही, आत काय चाललंय त्याची ती पाटी असते.

दुसरी बातमी बीपी देतं. या गोळ्यांनी वरचा आकडा सरासरी ३ ते ५ने चढतो. पण ही सरासरी आहे. काही जणांचा १५-२०नेही जातो. एटोरिकॉक्सिब सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत बीपी मोजायलाच हवं असं औषधाच्या माहितीपत्रकातच असतं, आणि बीपी १४०/९०च्या वर राहत असेल, आटोक्यात नसेल, तर ती गोळी देऊच नये असंही. किती जण मोजतात?

गोळीबार

मला वाटतं इथे साधा उपाय सुटतोय. गोळीचं नाव 'डायक्लोफेनॅक सोडियम' असतं. सोडियम म्हणजे मीठ. तीच गोळी पोटॅशियमवाली मिळते ती घ्यायची, सूज येणार नाही.

खलबत्ता

गोळीबार, हा गैरसमज फार पसरलाय म्हणून आकडेच देतो. डायक्लोफेनॅक सोडियमच्या ५० मिग्रॅ गोळीत सोडियम असतं साडेतीन मिग्रॅच्या आसपास. नॅप्रॉक्सेन सोडियम ५५०च्या गोळीत ५० मिग्रॅ. दिवसाला दोन घेतल्या तरी १०० मिग्रॅ, म्हणजे पाव ग्रॅम मीठ. चिमूटसुद्धा भरत नाही. मीठ गोळीतून येत नाही, तुमच्याच ताटातलं मीठ किडनी सोडत नाही. पोटॅशियमवाली गोळी किडनीत तेवढाच गोंधळ घालते. वर या गोळ्यांनी पोटॅशियम बाहेर टाकणंही मंदावतं, तेव्हा किडनी कमजोर असलेल्याने त्या नावावर भाळू नये.

मात्र सोडियमचा मुद्दा एका ठिकाणी अगदी खरा आहे, आणि तिथे कुणी बघत नाही: पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या. पॅरासिटामॉल ५००ची फसफसणारी गोळी असेल तर एका गोळीत साधारण ४०० मिग्रॅ सोडियम असतं. दिवसाला आठ झाल्या तर ३.२ ग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे ८ ग्रॅम मीठ. दिवसभराच्या मिठाची मर्यादा ५ ग्रॅम सांगतात. दाहशामक बंद करून 'सौम्य' म्हणून ही धरली तर पाय उतरणार कसे? साधी, गिळायची गोळी घ्या.

गोळीबार

फसफसणारीचं माहीत नव्हतं. माघार.

तळटीप

आता ओळखायचं कसं? 'पाय जड वाटतात' यापलीकडे काही मोजता येईल असं हवं.

पायरी

मोजता येतं, आणि दोन मिनिटांत.

आधी अंगठ्याची परीक्षा. तीन जागा: पावलाची वरची बाजू, आतल्या घोट्याच्या मागचा खोलगट भाग, आणि नडगीचं हाड, घोट्यापासून चार-पाच बोटं वर. हाडावरच दाबायचं, पोटरीच्या मांसावर नाही. मांस मऊच असतं, तिथे काही कळत नाही. अंगठा टेकवून पाच ते दहा सेकंद सारखा दाब ठेवा. टोचू नका, हळूहळू रोवा. मग अंगठा उचलून त्या जागेवरून बोट फिरवा. डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला खळगा लागतो. २ मिमीचा हलका खळगा म्हणजे पहिली पायरी, ४ मिमी दुसरी, ६ तिसरी, ८ चौथी. मिमी मोजत बसायची गरज नाही, खळगा भरून यायला किती वेळ लागतो तेही बघा. पहिल्या पायरीत लगेच भरतो, चौथ्यात दोन-तीन मिनिटं तसाच राहतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय कोरडे दिसतील. पाणी कमरेखाली, माकडहाडाच्या वर साचतं. तिथे दाबून बघा.

मग घेर. आतल्या घोट्याच्या टोकापासून वर १० सेंमी मोजून पेनाने खूण करा. रोज त्याच खुणेवर टेप लावा, त्याच वेळी, शक्यतो सकाळी उठल्या उठल्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. खूण केली नाही तर टेप रोज वेगळ्या जागी जातो आणि एक सेंमीचा फरक नुसता त्यानेच पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही पाय मोजा. गोळीने साचलेलं पाणी दोन्ही पायांत येतं. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, दाबल्यावर हुळहुळते, गरम लागते, तर गोळीला दोष देत बसू नका. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर घ्या. ३ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर शिरेत गुठळी असण्याची शंका धरून त्याच दिवशी दाखवायचं. तो पाय चोळायचा नाही. फरक कमी भरला तरी बाकीची लक्षणं असतील तर दाखवायचंच.

उलटतपासणी

गोळीला फाशी द्यायच्या आधी तिच्या शेजारच्या गोळ्या बघा असं म्हणेन. पाठदुखीच्या चिठ्ठीवर दाहशामकाबरोबर नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन बऱ्याचदा असतं. प्रीगॅबालिनने स्वतःच पाय सुजतात. चाचण्यांत शंभरात सहाजणांना, औषध नसलेल्या रिकाम्या गोळीवर दोघांना. बीपीसाठी ॲम्लोडिपिन चालू असेल तर तो मोठा संशयित: ५ मिग्रॅवर शंभरात तिघे, १० मिग्रॅवर जवळपास अकरा. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन, आमवातासाठी प्रेडनिसोलोन, हीसुद्धा पाणी धरतात.

मग आरोपी निवडायचा कसा? तारखांनी. कोणती गोळी कधी सुरू झाली, मात्रा कधी वाढली, आणि सूज कधी आली, हे एका कागदावर मांडा. दाहशामकाची सूज बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत येते. ॲम्लोडिपिनची काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, आणि बहुतेक वेळा मात्रा ५ची १० झाल्यावर. चार वर्षं निवांत चालू असलेल्या ५ मिग्रॅला गेल्या मंगळवारी सुरू झालेल्या सुजेसाठी धरू नका.

गाळणी

तारखांचं पटलं. अजून एक फरक वजनाचा. ॲम्लोडिपिन मीठ अडवत नाही. ते केशवाहिन्यांत रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या सैल करतं, पण पलीकडून रक्त नेणाऱ्या शिरा तशाच राहतात. नळ मोठा सोडलाय, मोरी तेवढीच, म्हणून पाणी कडेने झिरपतं. घोटे टम्म फुगतात, पण काटा फारसा हलत नाही. दाहशामकात काटा हलतो आणि बीपीही चढतं.

आणि इथेच ती जुनी साखळी सुरू होते. दाहशामकाने बीपी चढलं, म्हणून ॲम्लोडिपिन ५चं १० केलं. त्याने घोटे फुगले, म्हणून लघवीची गोळी दिली. लघवीच्या गोळीचा ॲम्लोडिपिनच्या सुजेवर उपयोग जवळजवळ नाही, कारण तिथे मीठ अडलेलंच नाही. फुकटात सोडियम-पोटॅशियम बिघडलं. साखळीतली पहिली कडी काढली असती तर बाकीच्या दोन लागल्याच नसत्या.

गोळीबार

पण दाहशामकाच्या सुजेत तर मीठ अडलेलं आहे ना? मग त्यात लघवीची गोळी चालायला हवी. तीन-चार दिवस अर्धी घेतली, सूज उतरली, पुढे दुखण्याची गोळी चालू. काय हरकत?

गाळणी

प्रश्न तर्काला धरून आहे, म्हणून सविस्तर.

एक, फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी आपलं काही काम किडनीतल्या प्रोस्टाग्लँडिन्सकडून करून घेते. तीच बंद असल्यावर गोळी बोथट होते. नेहमीच्या मात्रेला लघवी होत नाही, मग मात्रा वाढवली जाते.

दोन, लघवी झालीच तर अंगातलं पाणी कमी होतं, आणि किडनीला रक्त पोचवायला प्रोस्टाग्लँडिन्सची गरज नेमकी तेव्हाच जास्त असते. ती तर बंद केलेली. त्यात बीपीसाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांच्यापैकी काही चालू असेल तर किडनीचा शेवटचा बचावही गेला: ही औषधं किडनीच्या गाळणीतून बाहेर पडणारी धमनी सैल करतात. आत येणारी वाट आवळलेली, बाहेरची सैल, आणि पाइपात पाणीच कमी. गाळायला दाब उरतच नाही. दाहशामक, लघवीची गोळी आणि 'प्रिल' किंवा 'सार्टन', हे त्रिकूट अचानक किडनी बसण्याचं ओळखीचं कारण आहे, आणि पहिले ३० दिवस सगळ्यात धोक्याचे. जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवशीच दाहशामक बंद, बाकीच्या दोघांचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी विचारायचं.

म्हणून आपल्या मनाने अर्धीही नको. अडवणारा हात काढला की किडनी ते मीठ स्वतःच सोडते.

तळटीप

हात काढायचा म्हणजे गोळी थांबवायची. कोणती किती दिवसांत उतरते?

खलबत्ता

गोळीचा अंमल किती टिकतो त्यावर आहे. रक्तातली मात्रा निम्मी व्हायला आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकला दोनेक तास पुरतात, ॲसिक्लोफेनॅकला चार, सेलेकॉक्सिबला अकरा, नॅप्रॉक्सेनला बारा ते सतरा, एटोरिकॉक्सिबला बावीस, पिरॉक्सिकॅमला तर पन्नास. पाच वेळा निम्मं झालं की औषध जवळपास संपलं. म्हणजे डायक्लोफेनॅक रात्रीतून जातं, एटोरिकॉक्सिब साडेचार दिवस रेंगाळतं, पिरॉक्सिकॅम दहा. त्यापुढे मीठ बाहेर पडायला आणखी काही दिवस. पहिली खूण पायावर दिसत नाही, लघवीत दिसते: एक-दोन दिवस लघवी वाढते, रात्री उठावं लागतं, आणि काटा उतरायला लागतो. पाय त्यानंतर. बहुतेकांचे आठवडा ते दोन आठवड्यांत मोकळे होतात. औषध संपून दोन आठवडे झाले आणि खळगा तसाच, तर कारण दुसरं शोधा.

कोणती थांबवायची नाही तेही लिहितो, कारण घाईत तीच थांबवली जाते. हृदयासाठी दिलेली ७५ मिग्रॅची ॲस्पिरिन. ती त्याच घराण्यातली असली तरी एवढ्या कमी मात्रेत पाय सुजवत नाही, आणि परस्पर बंद केली तर धोका फार मोठा. प्रेडनिसोलोनही एकदम तोडायचं नाही. प्रीगॅबालिनही टप्प्याटप्प्याने उतरवतात.

उलट दोनदा चालू असलेली शोधा. हाडवैद्याच्या चिठ्ठीत ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची जोडगोळी, दाताच्या चिठ्ठीत आयब्युप्रोफेन, आणि घरात डोकेदुखीसाठी ठेवलेलं नॅप्रॉक्सेन. तीन वेष्टनं, तीन रंग, एकच घराणं. ब्रँडचं नाव वाचू नका, त्याखालच्या बारीक अक्षरातलं नाव वाचा. '-फेनॅक', '-प्रोफेन', '-कॉक्सिब', '-ऑक्सिकॅम' असं शेपूट असलेली एका वेळी एकच चालते.

उलटतपासणी

'कॉक्सिब' म्हणजे पोटाला आणि किडनीला सौम्य, असं अजूनही ऐकू येतं. निम्मं खरं. पोटाला त्रास कमी, हे खरं. पण किडनीत कॉक्स-२ (कॉक्सचा जो प्रकार कॉक्सिब बंद पाडतात तो) एरवीही कामावर असतंच, त्यामुळे तिथे सवलत काही नाही. मीठ कॉक्सिब आणि जुनी दाहशामकं दोघंही सारखंच अडवतात, आणि एटोरिकॉक्सिबमध्ये मात्रा वाढेल तशी सूज आणि बीपी वाढतं. सांधेझिजेला ३० मिग्रॅ, फार तर ६०. १२० फक्त गाउटच्या तीव्र झटक्याला आणि जास्तीत जास्त ८ दिवस. नुसत्या गुडघेझिजेला ९० महिनोन्‌महिने चालू असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे.

अवांतर: याच घराण्यातलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे सप्टेंबर २००४मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं.

घडीची पट्टी

वाचनमात्र होतो, एक शंका. पाणीच साचतंय तर पाणी पिणं कमी करायचं का? आणि मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवले तर पाणी ओढून निघतं म्हणतात ते?

गाळणी

पाणी कमी करू नका. अडलंय ते मीठ, पाणी त्याच्यामागे आलंय. तहानेइतकं प्या. हृदयासाठी पाण्याची मर्यादा सांगितली असेल तर ती पाळायची, तो वेगळा विषय. दाहशामक पोटात असताना अंग कोरडं ठेवणं म्हणजे किडनीला दुहेरी मार. मीठ मात्र ५ ग्रॅमच्या आत आणा, वरून घेणं पूर्ण बंद. आणि 'लो सोडियम' मीठ घेऊ नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि ते सध्या नीट बाहेर जात नाहीये.

कोमट मिठाच्या पाण्याने कातडीतून पाणी ओढलं जात नाही. उष्णतेने रक्तवाहिन्या फुलतात, घोटे थोडे जास्तच फुगतील.

पायरी

पाय वर ठेवायचे तर नीट ठेवा. स्टुलावर ठेवलेला पाय हृदयाच्या खालीच असतो. आडवं पडून पोटऱ्यांखाली दोन उशा, टाच हृदयापेक्षा वर, १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. आडवं पडल्यावर धाप लागत असेल तर हा व्यायाम रद्द करून सरळ डॉक्टर गाठा. बसल्या जागी घोटा वर-खाली, तासाला २०-३० वेळा. पोटरी हाच पायाचा पंप आहे.

दाबाचे मोजे (१५-२० मिमी पारा एवढ्या दाबाचे) सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी चढवायचे. दुपारी फुगलेल्या पायावर चढवले तर वरची कड रुतते आणि खाली पाणी कोंडतं. चालताना पोटरीत गोळे येतात, पावलं गार पडतात, मधुमेहाने बधिर झालीत, अशांनी पायाच्या धमन्यांतला रक्तपुरवठा तपासून घेतल्याशिवाय मोजे घालू नयेत. खरं तर गोळी थांबवली असेल तर दोन आठवड्यांसाठी मोज्यांचा खटाटोप मला फारसा गरजेचा वाटत नाही.

गाळणी

धोक्याच्या खुणा एकत्र टाकते.

सकाळी डोळ्यांखाली फुगवटा आणि लघवीला फेस, भांड्यात पाणी ओतूनही न मोडणारा: लघवीतून प्रथिन चाललंय. दाहशामकांनी कधी कधी किडनीच्या गाळणीचा पडदाच बिघडतो, तोही काही आठवडे-महिने गोळी चालू राहिल्यावर. लघवीची साधी तपासणी आणि प्रथिनाचं प्रमाण. दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर असेल तर किडनीतज्ज्ञच. सोबत ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल चालू असेल तर तेही सांगा, किडनीला दाह आणणाऱ्यांत तेही मोडतं.

दहा-बारा तास लघवी नाही, किंवा दिवसभरात जेमतेम दोन कप. आडवं पडलं की धाप. तीन दिवसांत २ किलो वाढ. ही त्याच दिवशीची कामं. ओठ, जीभ, पापण्या अचानक सुजल्या तर ती ॲलर्जी, तिथे काटा-टेप काही नाही, सरळ इमर्जन्सी. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर या गोळ्या परस्पर घ्यायच्याच नाहीत, आणि पाय-चेहरा सुजून बीपी वाढलं तर वाट बघायची नाही. लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) चालू असलेल्यांनीही जपावं, ते मिठाबरोबर अडतं आणि रक्तातली पातळी चढते.

तपासण्या: क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, लघवी, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन). क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट शोधून सोबत न्या. १.२ आकडा एकटा काही बोलत नाही. आधी ०.८ होता हे कळलं की तोच १.२ दीडपट झालेला असतो.

घडीची पट्टी

आणि दुखणं? ते तर परत येणार.

खलबत्ता

येऊ शकतं. साधं पॅरासिटामॉल हा पहिला पर्याय, दिवसाला ४ ग्रॅमच्या आत, वजन ५० किलोखाली असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी. जोडगोळीतलं पॅरासिटामॉलही त्यात धरायचं. रोज पूर्ण ४ ग्रॅम घेत राहिलं तर त्यानेही बीपी थोडं चढू शकतं, तेव्हा तेही मोजत राहा.

गुडघा, घोटा, हाताचे सांधे असतील तर डायक्लोफेनॅकची जेल उत्तम. १ टक्क्याची जेल एका गुडघ्याला ४ ग्रॅम, दिवसातून चारदा लावली तरी रक्तात पोचतं ते तोंडाने घेतलेल्याच्या ६ टक्क्यांच्या आसपास. पण तेवढ्यासाठी जेल आणि गोळी दोन्ही चालू ठेवायचं नाही. कंबर आणि खुब्याला जेलचा फार उपयोग नाही, सांधा खोल असतो.

दाहशामक पुन्हा लागलंच, तर डॉक्टरांशी बोलून कमी वेळ टिकणारं, कमीत कमी मात्रेत, मोजक्या दिवसांसाठी. आणि काटा पहिल्या दिवसापासून.

तळटीप

डॉक्टरांकडे नेण्याच्या कागदावर काय काय असावं ते सांगून टाका कुणीतरी.

पायरी

पाच रकाने. तारीख, सकाळचं वजन (लघवी करून, काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत), बीपी, १० सेंमीच्या खुणेवर दोन्ही पायांचा घेर, आणि त्या दिवशी घेतलेल्या सगळ्या गोळ्या, मात्रा आणि वेळेसकट, डोकेदुखीला घेतलेली एखादीसुद्धा. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर ठेवला तर किलोभर इकडचं तिकडे होतं. टेप कातडीला नुसता टेकला पाहिजे. ताणून लावला की सुजलेल्या पायात तो रुततो आणि घेर अर्धा सेंमी कमी भरतो.